सातांच्या खाली हंडी चढत नाही

बोरदऱ्याच्या रंगुबाईची आणि माझी ओळख चुन्यावरून झाली.

बहात्तर सालचा श्रावण कोरडा चालला होता. गावाला दुष्काळी काम मंजूर झालं, खडी फोडायचं. ओव्हरसियर आला, ओढ्याकाठच्या पडीक रानावर चुन्याच्या रेघा मारून गेला, आणि त्याची जीप वळणाआड जायच्या आत रंगुबाईनं त्या रेघा पायानं पुसून टाकल्या. पोलीसपाटलानं तिला चावडीवर बोलावलं. कामावर नावं घेताना बायकांना मागं ठेवतात, त्यावरून भांडायला मी त्या दिवशी बोरदऱ्यात आलेलो. चावडीपुढं गर्दी दिसली, घुसलो. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण असंच गर्दीत घुसून झालंय, आणि ते कुणाच्या बी.ए.पेक्षा कमी नाही.

“रंगे, चुना सरकारचा हुता,” पाटील म्हणत होते.

“मंग सरकारला म्हना, ये न्यायला. माजी टाच भरलीय, खरवडून देते.”

लोक हसले. पाटीलही हसले, पण हसता हसता म्हणाले, “गावाचं काम गेलं ना, तर ह्याच बाया तुला दगडं मारतील.”

“काम जाऊ द्या कोन म्हनतंय? माथ्यावर न्या म्हनते मी. तिथं दगडाबिगर हाय काय?”

सगळा तंटा एवढाच होता. बोरदरा हे तिसगावच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी वसलेलं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन उसाला जातं. तिसगावकडून येताना आधी लागतो माथा. उघडा खडक, शेळीसुद्धा तिथं थांबत नाही. मग उतार उतरून ओढा, आणि ओढ्याला लागून ते रान. दोन्ही जागा सरकारी, दोन्ही सातबाऱ्यावर पडीक. ओव्हरसियरला रान सोयीचं होतं. गावाजवळ, ट्रक उभा करायला सपाट, एका अंगाला दगड उघडा पडलेला, आणि ओढ्यात खोदलं तर मजुरांना प्यायला झरा.

पण गावच्या बायका त्याला ऋषीचं रान म्हणत, कारण त्या जमिनीला कधी औत लागलेलं नव्हतं. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बाईनं बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. जमीन नांगरलेली नको, मोटेचं पाणी नको. आपलं आपण उगवलेलं आणि हातानं खुडलेलं, तेवढंच. ही भाजी घरोघर होते, पण बोरदऱ्याची रीत निराळी. तिथं साऱ्या बायका रानातल्या करंजाखाली जमतात आणि एकच मोठी मातीची हंडी चढवतात. ज्या बाईकडं हंडीचा मान असेल ती एकेक भाजी हातात घेते, मोठ्यानं तिचं नाव घेते आणि हंडीत सोडते. नाव घेतल्याशिवाय पाला आत जात नाही. झाडाखाली आणलेला पाला माघारी न्यायचा नाही. हा मान रंगुबाईच्या सासूचा होता, तिच्यामागं रंगुबाईचा झाला.

तिथल्या बायका वर्ष ओळखायच्या तेही हंडीवरून. “आमची विजयमाला एकविसाच्या सालची,” म्हणजे ज्या साली हंडीत एकवीस भाज्या पडल्या त्या साली जन्मलेली. लग्नं, बाळंतपणं, भावकीतल्या मारामाऱ्या, सगळं त्या आकड्याला बांधलेलं. एकाहत्तरलाही पावसानं ओढ दिली होती, तरी हंडी बाराची झाली. आणि एक नियम होता. सातांच्या खाली हंडी चढत नाही. ऋषी सात, प्रत्येकाची एक भाजी. सात भरल्या नाहीत तर चूल पेटवायची नाही, आणि चूल पेटली नाही तर गावातल्या प्रत्येक बाईचा वर्षाचा विटाळ तिच्या अंगावर तसाच राहतो.

असल्या विटाळाफिटाळाचा मला राग येतो आणि राग मी पोटात ठेवत नाही. मी चावडीवरच बोललो.

रंगुबाईनं मला खालून वर पाहिलं. “तुला काय जातंय रं पुढाऱ्या? तुला हुतोय का विटाळ?”

त्यावर चावडी पुन्हा हसली. तेव्हापासून मी तिच्या तोंडी पुढारी.

ती तेव्हा पंचेचाळिशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज ओढ्यापलीकडं जाणारा. मूलबाळ नव्हतं. गावात कुणाची ओटी भरायची झाली की बायका तिला न दुखवता बाजूला काढायच्या, आणि ती बाजूला होता होता एखादा टोमणा मारायची, म्हणजे बाजूला झाली ती स्वतःच झाली असं दिसावं. ऋषिपंचमीला मात्र साऱ्या बायका तिच्याभोवती बसायच्या आणि ती नाव घेईल तेव्हाच पाला हंडीत जायचा. बाकीच्या गावाला रान गेलं तर भाजी गेली असती. हिचं काय गेलं असतं, ते गाव जाणून होतं आणि बोलत नव्हतं.

तिचा नवरा कारभारी हा शांत माणूस. त्याचा गुडघा गेलेला, म्हणून त्याला काम रानातच हवं होतं. मी तिच्या घरी चहाला बसलो असताना तो म्हणाला, “माथ्यावर काम गेलं तर मला रोज पाठुंगळी घिऊन जाशील का?”

“जाईन की. लग्नाला घोड्यावर आल्ता, आता माज्यावर या.”

“घोडं बोलत नव्हतं,” कारभारी म्हणाला.

आम्ही पाथर्डीला गेलो, टंचाईचं काम बघणाऱ्या नायब तहसीलदारांकडं. कुलथे त्यांचं नाव. नगरचे, सोनारांच्या घरातले, माझ्याच वयाचे, डोळे झोप न झाल्यासारखे. मी ओरडायची तयारी करून गेलो होतो. पण ते उठले, रंगुबाईला खुर्ची दिली, आणि माझं ओरडणं तिथंच अडकलं.

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “मावशी, मला पटतंय. पण माझ्या पटण्यानं काम हलत नाही. कागदावर माथा पडीक, रानही पडीक. नगरला वरचे साहेब विचारणार, ह्या पडकात आणि त्या पडकात फरक काय? मला तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे.”

“आंधळ्याला बी कळंल त्यो फरक.”

“आंधळ्याला कळेल. साहेबांना कळला पाहिजे.”

हा माणूस मला तिथं आवडला. रंगुबाई खुर्चीत पुढं सरकली. “तित्तर हायेत आमच्या रानात. सकाळच्या पारी बोलत्यात.”

“मी आलो आणि बोलले नाहीत तर?”

“ससं हायेत.”

“दिसले पाहिजेत.”

“साप आहेत म्हणा,” मी म्हणालो. “साहेबांना एक चावला की फरक मोठ्यानं सांगतील.”

कुलथे हसले. “झाडं किती आहेत?”

इथं ती अडली. एक करंज, दोन बाभळी आणि बोरीची काटवणं, तेवढीच झाडं. माथ्यावर एक लिंब होता, ते ओव्हरसियरनं आधीच सांगून ठेवलेलं. तीन झाडं आणि एक झाड, एवढ्या फरकावर काम हलत नसतं. रानात जे होतं ते सगळं घोट्याच्या उंचीचं. त्याला मोजायची सरकारात रीत नाही. सरकार उभ्या झाडाला नंबर घालतं, आणि जे तुडवलं जातं त्याला पडीक म्हणतं.

“मला असं काहीतरी द्या,” कुलथे म्हणाले, “जे कुणालाही कळेल. कुणालाही मोजता येईल. आणि कुणी म्हटलं की खोटं आहे, तर पुन्हा जाऊन मोजता येईल.”

रंगुबाई पदर सावरत म्हणाली, “हंडी बगाल का, सायेब?”

तिनं हंडीची रीत सांगितली. कुलथे हातातला पेन खाली ठेवून ऐकत होते. त्यांची आईही हे व्रत करते, म्हणाले. “हे चालेल. खाण्याजोग्या भाज्या माथ्यावर किती आणि रानात किती. दोन आकडे. एवढं मी लिहू शकतो. मी पंचमीला येतो. आधी माथा फिरतो, मग तुमच्या हंडीपाशी येतो. आणि मावशी, कमी असल्या तरी चालतील हं. माथ्यावर काहीच नसेल तर दोन म्हणजेसुद्धा पुष्कळ.”

“दोन?” रंगुबाईला ते लागलं. “दोनावर हंडी चढती व्हय? सातांच्या खाली हंडी चढत न्हाई.”

कुलथे पुन्हा हसले. त्यांना वाटलं, बाई मानी आहे.

परतताना तिसगावला उतरल्यावर तिनं मला भेळ चारली. कनवटीला होते तेवढे पैसे त्यातच गेले असावेत. “बगशील तू,” ती म्हणत होती, “सायेब मोजता मोजता थकंल.”

भाद्रपदही कोरडाच आला.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी बोरदऱ्यात पोचलो तेव्हा साऱ्या बायका रानात वाकलेल्या होत्या. एरवी त्या वेळेला तिथं पाय ठेवायला जागा नसते. तांदुळजा, कुर्डू, केना, चिघळ, फांदीचे वेल, नुसतं हिरवं. त्या साली मातीला भेगा होत्या आणि बायका भेगांमधून बोटं घालत होत्या. रंगुबाई करंजाखाली बसली होती. पुढ्यात फडकं, त्यावर लहान लहान ढीग.

“किती?” मी विचारलं.

“पाच.” तिचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “घोळ, पाथरी, तरोटा, सराटा, कुंजर.”

मी हरखलो. “पाच? अशा सालात? मावशी, माथ्यावर काय असणार आहे? जिंकलो आपण.”

“तू जिकला असशील.”

मग माझ्या लक्षात आलं, बायकांचे चेहरे का उतरलेत. पाचावर हंडी चढत नव्हती.

बनुबाई नावाची तिची शेजारीण होती, गोलमटोल, सदा हसरी. तिची बहीण राहुरीकडं कालव्याच्या पट्ट्यात दिलेली. बनुबाई दोन दिवस आधीच एसटीनं जाऊन गाठोडं घेऊन आली होती. त्यावरूनच वाद चालला होता.

“कालव्याचं म्हंजे नांगरटीचं,” छबूबाई म्हणत होती. ती वयानं सगळ्यांत मोठी. “ऋषीला चालत न्हाई.”

“बांधावरचं आनलंय. बांधाला कुटं औत लागतंय?”

“आन पानी?”

“पानी कालव्याचं. कालवा काय बैल वढत्यात?”

छबूबाईनं विचार केला. साऱ्या जणी तिच्या तोंडाकडं बघत होत्या. “कालवा बैल वढत न्हाईत,” ती म्हणाली, आणि रानभर सुटका झाल्यासारखी कुजबुज झाली.

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, साहेब ह्या रानाचा आकडा लिहायला येतोय, त्यात राहुरीचा पाला कशाला? पाच खऱ्या आहेत, पाच दाखवा. आवाज चढला माझा. चढणारच.

रंगुबाईनं मला बाजूला ओढलं. “सायबाला आकडा पायजे. त्यो आकडा घिऊन जाईल. बाया हितंच ऱ्हानार. उद्या पाचावर हंडी चढवली आन कुनाचं काय वाईट झालं, तर येतील कुनाच्या दारात? वांझोटीच्या हातानं चढवली म्हनतील.”



शेवटी तोड निघाली. आधी रानातल्या पाच भाज्या साहेबांपुढं नाव घेऊन हंडीत टाकायच्या. साहेब मोजतील. मग मी त्यांना जीपपर्यंत नेईन, आणि ते गेल्यावर बनुबाईचं गाठोडं सुटेल. रंगुबाईला पटलं. बायकांना पटलं. बनुबाई म्हणाली, “सायेब गेल्यावर तर गेल्यावर. माजी भाजी काय पळून चाललीय?”

पंचमीला कुलथे सकाळीच आले. मी त्यांना माथ्यावर घेऊन गेलो. ऊन तेव्हाच टोचत होतं. त्यांनी खरंच कसून पाहिलं, खडकाच्या फटीफटीत वाकून. एका फटीत सराटा पसरला होता, पिवळं फूल आणि काटे.

“हा खातात ना?”

“हंडीत पडतो,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

“म्हणजे माथ्यावर एक,” कुलथे म्हणाले.

एक आणि पाच. मी उतार जवळजवळ पळत उतरलो.

करंजाखाली जमीन सारवली होती, तीन दगडांची चूल मांडली होती. बायका सकाळीच आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, न्हाऊन, धुतलेली लुगडी नेसून बसलेल्या. रंगुबाईच्या कपाळावर मळवट. तिनं पहिला ढीग उचलला.

“घोळ.”

पाला हंडीत गेला. “पाथरी.” गेली. “तरोटा. सराटा. कुंजर.” तिचा आवाज पुन्हा ओढ्यापलीकडं जात होता. कुलथे मान हलवत बोटं मिटत होते. पाचवं बोट मिटलं तसा मी उठलो. “चला साहेब, उन्हाचं निघालेलं बरं.”

“थांबा हो. हंडी चढू द्या.” त्यांनी बूट काढले आणि मांडी घालून बसले. “आज प्रसाद न घेता घरी गेलो तर आई घरात घेणार नाही.”

बायकांमध्ये लहर गेली. साहेब मांडी घालून बसला, प्रसाद घेतो म्हणाला. असल्या माणसाला ऊठ म्हणायची त्या गावात कुणाची छाती होती? मी त्यांच्या दंडाला हात लावला, जीपच्या चाकाचं काहीतरी बोललो. ते हसून म्हणाले, “बसा, बसा.” आणि बनुबाईनं आनंदानं गाठोडं सोडलं.

रंगुबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग बायकांकडं. त्या सगळ्या तिच्या हाताकडं बघत होत्या.

“माठ,” ती म्हणाली. “अंबाडी.”

सात झाल्या. छबूबाईनं डोळे मिटून हात जोडले. तिथं थांबली असती तर निभावलं असतं. माठ रानातही होतो, अंबाडीलाही कुणी काही विचारलं नसतं. पण गाठोड्यात आणखी दोन जुड्या होत्या, आणि झाडाखाली आलेला पाला माघारी न्यायचा नसतो.

“चुका.”

“शेपू.”

शेपूचा वास लपत नाही. कुलथ्यांनी मान वर केली. “मावशी, ही शेपू ना?”

“व्हय.”

“शेपू रानात होते?”

बनुबाईला वाटलं, साहेब कौतुकानं विचारतोय. “कालव्याची हाय सायेब. माज्या भनीकडची. बांधावरची.”

“ह्यातल्या कालव्याच्या किती?”

साऱ्या जणी एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली चार, दुसरी म्हणाली तीन. छबूबाई म्हणाली, माठ थोडा माझ्या उकिरड्यावरचाही आहे. मी ओरडलो, “पाच रानातल्या आहेत, पाच.” माझा आवाज त्यांच्यात मिसळला आणि तोही तसल्याच बोलण्यासारखा ऐकू आला.

कुलथे रागावले नाहीत. रागावले असते तर मी त्यांना पुरा पडलो असतो. ते बूट घालत म्हणाले, “पाच मी मानतो. पण मला बघता आल्या पाहिजेत. चला, रानात दाखवा.”

आम्ही रानात गेलो. रानात काही नव्हतं.

खुडताना शेंडा घ्यायचा, मूळ ठेवायचं, ही बोरदऱ्याची जुनी चाल. पण त्या साली साऱ्या गावाची हंडी पाच भाज्यांवर भरायची होती, म्हणून बायकांनी दिसेल ते पान घेतलं. जे राहिलं त्याच्यावर संध्याकाळी शेळ्या फिरल्या. उरल्या होत्या भेगा आणि लेंड्या.

रंगुबाई गुडघ्यांवर बसली. मळवट घामानं भुवईवर उतरलेला. “ह्यो बगा, सायेब. ही पाथरी हुती. हितं खुडलीय.” ती पुढं सरकली. “ह्यो घोळीचा देठ. चेपून बगा, वला हाय.”

कुलथे तिच्याशेजारी उकिडवे बसले, देठ बोटात घेऊन चेपला. खरंच ओला होता. “मावशी, देठ मी काय म्हणून लिहू?”

तिनं बोरीच्या काटवणात हात घातला, कोपरापर्यंत ओरखडत आतून चाचपलं. आत शेळीचं तोंड पोचलं नव्हतं. मुठीत काहीतरी धरून तिनं ते त्यांच्यापुढं उघडलं. पिवळं फूल आणि काटे. सराटा.

कुलथ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माथ्यावर एक, रानात एक, आणि तोच.

मी त्यांना खूप बोललो. हस्तिदंती मनोऱ्यातले अधिकारी म्हणालो, आणखी काय काय म्हणालो. ते ऐकत राहिले. ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. त्याला धरायला शेंडीच नसते. शेवटी ते एवढंच म्हणाले, “मी खोटं लिहिणार नाही. मावशींच्या विरुद्धही काही लिहिणार नाही. पण मग लिहायला काही उरत नाही.” करंजाखाली परत आले, ओंजळीत भाजी घेतली, उभ्यानं खाल्ली आणि गेले. शेपूचा वास त्यांच्या बोटांना नगरपर्यंत गेला असेल.

बनुबाई दिवसभर रडली. रंगुबाई तिला म्हणाली, “गप. तुज्यामुळं हंडी तर चढली.”

चुना पुन्हा पडला. ह्या वेळी कुणी पुसला नाही. आठवड्याभरात सुरुंग लागले.

दिवाळीच्या सुमाराला मी कामावर गेलो. ज्या रानात औत चालत नव्हतं तिथं चारशे-पाचशे माणूस घण मारत होतं. करंज तेवढा ठेवलेला, मुकादमाला सावली म्हणून. हंडीच्या जागेवर पाण्याचं पिंप. मुकादम मस्टर उघडून एकेक नाव मोठ्यानं घ्यायचा, ते नाव घेतलं की माणूस हजर. रंगुबाई खडीच्या ढिगावर बसली होती. तोंडाला फडकं, पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी. घरच्या दोन म्हशी चाऱ्यावाचून कधीच विकल्या होत्या. कारभारी शेजारी, दुखरा पाय लांब करून, तिनं फोडलेली खडी पाटीत भरत होता. त्याला माथा चढावा लागला नव्हता. त्याबद्दल तो एक अक्षर बोलत नव्हता.

मी उगीच उभा राहिलो.

“बायांची नावं लागली ना मस्टरवर?” ती म्हणाली.

“लागली.”

“मंग झालं की तुजं काम, पुढाऱ्या.” आणि तिनं पुढचा दगड पायाशी ओढला.

कुलथ्यांची बदली झाली. मी नगरला दोन अर्ज केले, एक मोर्चा नेला. मोर्चात बोरदऱ्याच्या बायका आल्या नाहीत. कामाचा खाडा परवडत नव्हता, आणि त्यांचं बरोबर होतं.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. चांगला झाला. मी बोरदऱ्याच्या उतारावरून खाली पाहिलं तेव्हा रान लांबून हिरवं दिसत होतं आणि मी पाय उचलला. खाली गेलो तर खड्ड्यांत पाणी साचलेलं, खडीच्या कपच्यांचे ढीग, आणि त्या ढिगांवर कमरेएवढं एकच एक गवत, कोथिंबिरीसारख्या पानाचं, बारीक पांढऱ्या फुलांचं. मी बायकांना त्याचं नाव विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. शेळ्या त्याला तोंड लावत नव्हत्या. लांबून बघणाऱ्या साहेबाला मात्र रान आबादानी वाटलं असतं.

पंचमीला करंजाखाली हंडी मांडली होती. पीकपाणी झालं होतं, हातात चार पैसे होते, आणि तिसगावच्या बाजारात आता ऋषीच्या भाजीच्या तयार जुड्या विकायला बसत होत्या. बनुबाईची बहीण पोतंभर पाला घेऊन स्वतःच आली होती. पाट्याच्या पाट्या भरलेल्या. कालवा बैल ओढत नाहीत हे एकदा ठरल्यावर कुणाला अडचण नव्हती.

रंगुबाई जागेवर येऊन बसली. मळवट तसाच. मी मागं उभा होतो. तिनं पहिली जुडी उचलली.

“माठ,” ती म्हणाली. जरा थांबली. “राहुरीचा.”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

“अंबाडी, राहुरीची. चुका, तिसगावच्या बाजारातला. शेपू, बाजारातली.”

“रंगे, गावं कशाला सांगती?” बनुबाई हळूच म्हणाली. “नुसतं नाव घे की.”

रंगुबाईनं ऐकलं नसल्यासारखी पुढची जुडी घेतली. “तांदुळजा, राहुरीचा. राजगिरा, शेवगावाकडचा.” एकेक करून ती सांगत गेली आणि पाला हंडीत जात गेला. घोळीपाशी तिचा हात थांबला. जुडी चांगली मांसल होती, कुणीतरी निगुतीनं वाढवलेली. तिनं देठ बोटात चेपून बघितला.

“घोळ,” ती म्हणाली. “नगरची.”

छबूबाई बोटांवर मोजत होती. शेवटची जुडी पडली तशी तिचा चेहरा खुलला. “बावीस झाल्या गं. एकविसाच्या सालाच्या वर गेली हंडी.” सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. तिथं बसलेल्या एका सुनेला सातवा महिना होता. तिला चिडवलं, तुझं लेकरू बाविसाच्या सालचं.

बोरदऱ्याचं नाव एकदाही आलं नव्हतं. ते माझ्याशिवाय कुणी मोजलं असेल असं वाटत नाही. रंगुबाईनं रिकामी पाटी पालथी घालून झटकली, पदर तोंडाशी धरला आणि चूल फुंकायला वाकली.